ठकी, बाळू आणि मधलं दार

‘अगं, दोन मांजरंच तर आहेत. दोन दिवस फिसकारतील, तिसऱ्या दिवशी एका ताटलीत जेवतील!’

शेजारच्या काकूंचा बाळू आमच्या घरी यायचं ठरलं तेव्हा दहा जणींनी तरी मला हेच सांगितलं. मीही मान डोलावली. घरात लहानपणापासून मांजरं पाहिलेली, त्यात काय शिकायचं असतं! पुढचे तीन महिने जे काही झालं, ते आज तुम्हाला सांगावंसं वाटतंय. कारण मांजर पाळणाऱ्या आपल्यात पुष्कळजणी आहेत आणि मी केल्या त्याच चुका बहुतेकजणी करतात.

गोष्ट 2024 च्या जूनमधली. काकू पंचाहत्तरीच्या. काका गेल्यावर एकट्याच राहायच्या. मे महिन्यात मोरीत पाय घसरून पडल्या आणि पुण्याच्या मुलाने ठरवलं, आता बास, आईला एकटं ठेवायचं नाही. मुलाचं बरोबरच होतं. पण पुण्याच्या फ्लॅटमध्ये नातवाला दम्याचा त्रास, त्यामुळे मांजर नेणं शक्य नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी काकू बाळूला कडेवर घेऊन आमच्या ओसरीवर आल्या. बाळू म्हणजे त्यांचा तीन वर्षांचा तांबूस बोका. ‘तुझ्याशिवाय कोणाला सांगू?’ एवढंच म्हणाल्या. नाही म्हणायची माझी काय बिशाद!

पण आमच्या घरात आधीपासून ठकी होती. तिरंगी, सहा वर्षांची, माझ्या लेकीने पावसात भिजलेली उचलून आणलेली. तिचं ऑपरेशन झालेलं. सोप्यावरची खुर्ची तिची, स्वयंपाकघराच्या खिडकीतली फळी तिची, दुपारी सासूबाईंच्या पायाशी झोपायचा हक्क तिचा. घरात पाहुणा आला की ठकी आधी त्याच्या चपला हुंगून यायची आणि मगच त्याला घरात घ्यायचं की नाही ते ठरवायची.

काकूंना निरोप देऊन आले. बाळूला सोप्यावर सोडलं आणि ठकीला उचलून त्याच्यासमोर ठेवलं. वर लाडिकपणे म्हणाले, ‘हा बघ तुझा दादा!’

काय सांगू तुम्हाला! ठकीच्या अंगावरचा केस न् केस उभा राहिला. बाळू भिंतीला चिकटला. मग जी किंचाळी उठली, ती गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेली. केसांचे पुंजके उडाले, पाण्याचा तांब्या लवंडला. मी मूर्खासारखा मध्ये हात घातला आणि ठकीने, माझ्या स्वतःच्या ठकीने, माझं मनगट कडकडून चावलं.

नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुतली आणि तडक सरकारी दवाखाना गाठला. ठकीची रेबीजची लस द्यायची मागच्या वर्षी राहून गेली होती. त्यामुळे दिवस मोजून चार वेळा इंजेक्शनं घ्यावी लागली. मैत्रिणींनो, घरचं मांजर आहे म्हणून चाव्यावर हळद दाबून बसू नका. आणि भांडणाऱ्या मांजरांच्या मध्ये हात तर कधीच घालू नका. सूप, पाट, जाड टॉवेल, हाताला येईल ते मध्ये धरायचं, नाही तर ताट वाजवायचं. चिडलेल्या मांजराला त्या क्षणी समोर कोण आहे ते कळत नाही.

चुकांवर चुका

दुसऱ्या दिवसापासून घराचा नूरच बदलला. बाळू अडगळीच्या खोलीत फळकुटांमागे जाऊन बसला. ठकी माळ्यावर चढली ती उतरेचना. दुसऱ्या रात्री तिने सोप्याच्या दाराशी, माझ्या शिवणाच्या पिशवीवर आणि ह्यांच्या चपलांवर शू केली. सहा वर्षांत एकदाही न केलेली गोष्ट! मी दोनदा फिनेलने लादी पुसून काढली. ठकी पुन्हा तिथेच. आमचे हे वैतागून म्हणाले, ‘एक तर ती राहील, नाही तर तो.’ सासूबाईंनी मदत म्हणून बाळूबरोबर आलेली काकूंची जुनी गोधडी वास येतो म्हणून निरम्यात भिजवली आणि खळखळून धुऊन टाकली.

तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की ठकीने दोन दिवसांत अन्नाला तोंडच लावलेलं नाही. तेव्हा मात्र घाबरले आणि तिला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरबाई तशा वयाने लहान, माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, ‘काकू, मांजराने दोन-तीन दिवस खाल्लं नाही की त्याच्या यकृतावर परिणाम होऊ शकतो. बरं झालं आणलंत. पण तुमच्या ठकीला आजार झालेला नाही. तिच्या घरात चोर शिरलाय आणि घरातली माणसं त्या चोराला खाऊ घालतायत, असं वाटतंय तिला.’

मला एकदम चपराक बसल्यासारखं झालं.

मग त्यांनी एकेक गोष्ट समजावून सांगितली. कुत्रा मुळात कळपातला प्राणी. मांजराचे पूर्वज मात्र आफ्रिका आणि पश्चिम आशियातली रानमांजरं, एकेकट्याने शिकार करणारी. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं, हे 2004 मध्ये जगाला कळलं. म्हणजे आपली सोबत इतकी जुनी आहे. तरी आपली हद्द आपण राखायची, ही मांजराची वृत्ती काही गेलेली नाही. आणि ही हद्द ते डोळ्यांनी नाही, नाकाने ओळखतं. गाल खुर्चीला घासतं, कपाटाला घासतं, आपल्या पायाला घासतं, ते नुसतं लाडाने नाही. गालाजवळच्या ग्रंथींचा वास लावून ते ‘हे माझं’ असं लिहून ठेवत असतं. ठकीने शू केली तीही खोडी म्हणून नव्हे. घाबरून जाऊन आपलं नाव तिने ठळक अक्षरात पुन्हा लिहिलं होतं. आणि काकूंची गोधडी धुऊन आम्ही बाळूकडे उरलेला एकमेव ओळखीचा वास पाण्यात घालवला होता.

फिनेलचं ऐकून तर डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. फिनेल मांजराला विषारी. लादीवरून ते पंजाला लागतं, अंग चाटताना पोटात जातं आणि मांजराच्या यकृताला ते निवारता येत नाही. आपली तापावरची पॅरासिटामॉलची गोळीही त्याच कारणाने मांजराला द्यायची नाही, एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. शूची जागा साबणाच्या पाण्याने धुवायची, मग दोनदा साध्या पाण्याने, आणि कोरडी करायची. हे एवढं साधं!

कडी लावलेलं दार

‘आता पहिल्यापासून सुरुवात करायची,’ डॉक्टरबाई म्हणाल्या. ‘दोघांनी एकमेकांना पाहिलंच नाही, असं समजा.’

बाळूला मागची खोली दिली. त्याचं पाणी, त्याचं खाणं आणि पसरट घमेल्यात वाळू. खाणं आणि वाळू दोन टोकांना, कारण मोरीशेजारी पान मांडलेलं मांजरालाही आवडत नाही. लपायला एक आडवं खोकं. काकूंच्या बंद घराची किल्ली माझ्याकडेच होती. तिथून त्यांचं एक जुनं, न धुतलेलं लुगडं आणलं आणि खोक्यात अंथरलं. बाळू त्यात तोंड खुपसून दोन तास निपचित पडून होता. संध्याकाळी उठला आणि बशीतलं सगळं खाल्लं.

मधल्या दाराला कडी. माजघर आणि मागची खोली यांच्यामधलं हे आमचं जुनं दोन फळ्यांचं दार. इतकी वर्षं ते कधी लावल्याचं मला आठवत नाही.

त्याच आठवड्यात बाळूला जंताचं औषध दिलं. तपासणी करून दोघांनाही रेबीजची आणि मांजरांच्या आजारांची लस टोचून घेतली. नवीन मांजराला दोन आठवडे वेगळं ठेवायचं ते यासाठीही. त्याच्या अंगावर काही आजार असला, तर तो जुन्याला लागायला नको. मग बाळूचं ऑपरेशन. ते न झालेला बोका घरभर फवारे मारतो आणि हद्दीवरून भांडतो. पण ऑपरेशन केलं म्हणजे दुसऱ्या दिवशी स्वभाव बदलला असं होत नाही, काही आठवडे जावे लागतात.

घरात सगळ्यांना वाटत होतं की आता सगळं लक्ष नव्या पोराकडे द्यावं, बिचारा घर सोडून आलाय. इथे मला सासूबाईंनी शिकवलं. त्यांनी ठकीची ताटली आधी भरायला सुरुवात केली. दुपारी तिला पायाशी घेऊन झोपायच्या, तो नेम एक दिवस चुकवला नाही. म्हणाल्या, ‘जुनीचं काही काढून घेतलेलं नाही, हे तिला आधी कळू दे. तू लग्न होऊन आलीस, तेव्हा पहिल्या दिवशी फडताळाच्या किल्ल्या दिल्या होत्या का मी तुला?’

‘नाही आई, आठ महिने लागले होते तुम्हाला!’ मी म्हटलं. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

मग सुरू झाली वासांची देवाणघेवाण. जुन्या पंचाचे मऊ तुकडे केले. एका तुकड्याने बाळूचे गाल पुसायचे आणि तो ठकीच्या ताटलीपासून हातभर दूर ठेवायचा. ठकीचा तुकडा तसाच बाळूकडे. पहिल्या दिवशी ठकी त्या फडक्यावर अशी फिसकारली, की जणू त्यात बाळूच लपलाय! चौथ्या दिवशी नुसतं हुंगलं. आठव्या दिवशी फडक्याकडे पाठ करून निवांत जेवली. मला कोण आनंद झाला! लेकीला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, ‘आई, तू दहावीच्या निकालालासुद्धा एवढी खूश नव्हतीस.’

त्यानंतर दोघांच्या ताटल्या बंद दाराच्या दोन बाजूंना. आधी दारापासून चार-चार हात लांब, मग रोज वीतभर जवळ. दाराशी जेवताना भाताबरोबर धुतलेल्या सुकटीचा एखादा तुकडा, एरवी सुकट बंद. दाराजवळ गेलं की चांगलं काहीतरी मिळतं, हे डोक्यात बसायला हवं. मधूनच जागांची अदलाबदल. तासभर ठकी मागच्या खोलीत, बाळू घरात. एकमेकांना न बघता एकमेकांची वस्ती हुंगून यायची.

रविवारचा फोन

आता मला एक कबुली द्यायची आहे. काकू दर रविवारी सकाळी फोन करायच्या. पहिला प्रश्न ठरलेला, ‘बाळू जेवला का गं? रमला का?’ आणि मी दर रविवारी बिनदिक्कत खोटं बोलायचे. ‘अगदी मजेत आहेत दोघं, एकत्र खेळतात!’ म्हाताऱ्या माणसाला कशाला काळजी, असं मनाशी म्हणायचे. खरं तर मला माझीच लाज वाटत होती.

चौथ्या रविवारी मला राहवलं नाही. म्हटलं, ‘काकू, खरं सांगते. बाळू अजून मागच्या खोलीतच असतो. मधलं दार लावलेलंय.’

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, रडतायत. मग काकू हळूच म्हणाल्या, ‘मग आम्ही दोघं सारखेच म्हणायचे. मीपण खोलीतच असते गं.’

आणि मग बोलत राहिल्या. सून चांगली आहे, काही म्हणजे काही कमी करत नाही. आल्या दिवसापासून म्हणते, आई, हॉलमध्ये बसा, सगळ्यांबरोबर टीव्ही बघा, खालच्या बागेत चला, ओळखी करून देते. ‘पण मला अजून त्या घराचे आवाजच कळत नाहीत. रात्री नळ वाजला तरी दचकते. थोडे दिवस खोलीत बसावं, माझं गाठोडं सोडावं, असं वाटतं. मी दार लोटून घेतलं की तिला वाटतं, मी रुसले.’

फोन ठेवला आणि मी तशीच बसून राहिले. मी गेली बारा वर्षं आमच्या महिला मंडळाच्या समुपदेशन केंद्रात बसते. जिथे मारहाण आहे तिथली गोष्ट वेगळी. तिथे बाईची सुरक्षितता आधी, कायदा आधी. पण साध्या कुरबुरीच्या कितीतरी घरांत मी काय केलं? सासू-सुनेला पहिल्याच दिवशी समोरासमोर बसवलं आणि म्हटलं, ‘बोला, मन मोकळं करा.’ म्हणजे ठकीला उचलून बाळूसमोर ठेवलं, तेच. बोलणं उरकावं याची घाई त्यांना नव्हती, ती मला होती.

दुसऱ्या दिवशी मी काकूंच्या सुनेला फोन केला. काकू काय म्हणाल्या ते सांगितलं नाही, उपदेश तर मुळीच केला नाही. फक्त बाळूची गोष्ट सांगितली. गोधडी धुतली तिथपासून, कडी लावलेल्या दारापर्यंत. पोरगी हुशार. शेवटी म्हणाली, ‘काकू, आईंची इथे आणलेली जुनी गोधडी मीही बोहारणीला द्यायला काढली होती.’ जरा थांबून म्हणाली, ‘देत नाही आता.’

दुधाच्या कपाटाची दारं

पाचव्या आठवड्यात दोघांना एकमेकांना दाखवायचं ठरलं, पण मध्ये जाळी हवी. माळ्यावर सासूबाईंच्या सासूबाईंचं जाळीचं कपाट पडून होतं. मांजराने दूध पिऊ नये म्हणून केलेलं! धाकट्याने त्याची दोन्ही दारं एकावर एक बांधून चौकटीत बसवली. दोन्हीकडे ताटल्या ठेवल्या. ठकी जाळीकडे एकटक बघत राहिली. अशी नजर लागली आणि शेपटी आपटायला लागली की मध्ये पुठ्ठा धरायचा, त्यांचं लक्ष दुसरीकडे वळवायचं. थोडं फिसकारलं तर ओरडायचं नाही. तो फक्त ‘लांब राहा’ असा निरोप असतो. आपण रागावलो, तर मांजराला वाटतं, हा आला की मला बोलणी बसतात. पहिले दिवस पाच मिनिटं, मग दहा, मग पंधरा.

सगळं सरळ झालं असं समजू नका. सहाव्या आठवड्यात मला वाटलं, आता जमलंच. जाळी काढली. दोघं चार हातांवर बसून होते आणि नेमकी कुकरची शिट्टी झाली. दचकून ठकी बाळूवर धावून गेली, तो ओट्यावर, बरण्या खाली! या वेळी हाताशी सूप होतं. पुन्हा दार, पुन्हा कडी, पुन्हा फडकी. मला रडूच आलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘मागे गेलात म्हणजे हरलात असं नाही. दोन पायऱ्या उतरा आणि परत चढा. मोठ्या वयाच्या मांजरांना आठवडे लागतात, कधी महिने.’

त्या काळात घराचीही मांडणी बदलली. दोन मांजरांना वाळूची तीन घमेली, वेगवेगळ्या जागी. पाणी दोन ठिकाणी. ताटल्या अशा, की जेवताना कोणाची पाठ कोणाकडे उघडी पडू नये. आणि सोप्यावर भिंतीला एक उंच फळी ठोकली, म्हणजे एकाला वर जाता यावं. वाट अडवली गेली की भांडण होतं, वाट मोकळी असली की मांजर निघून जाणंच पसंत करतं.

गणपती 7 सप्टेंबरला बसले. त्याच्या आदल्या आठवड्यात मधल्या दाराची कडी दिवसभर उघडी राहिली. रात्री मात्र अजून लावत होतो.

गौरींना काकू आल्या. मुलगा-सून घेऊन आले होते. मला वाटलं होतं, बाळू धावत येईल, मांडीवर उडी मारेल, आम्ही सगळ्या डोळे पुसू. कसलं काय! बाळूने काकूंच्या पदराचा वास घेतला, दोन पावलं मागे सरला आणि टेबलाखाली जाऊन बसला. पुण्याच्या घराचा वास होता ना लुगड्याला. सून म्हणाली, ‘आई, हाक मारा ना त्याला.’ काकू म्हणाल्या, ‘नको. येईल त्याचा तो.’ आणि गौरींसमोर शांतपणे फुलवाती करत बसल्या.

अर्ध्या तासाने बाळू बाहेर आला आणि त्यांच्या पायाला गाल घासला. एकदा, मग दुसऱ्यांदा. ठकी वरच्या फळीवरून हे सगळं बघत होती. मग तिने हळूच डोळे मिटले, उघडले आणि पंजा चाटायला घेतला.

तुम्ही विचाराल, आता कसं आहे? एका ताटलीत जेवत नाहीत, गळ्यात गळे घालून झोपत नाहीत. उन्हाच्या वेळी ओसरीच्या पायरीवर एक या टोकाला, एक त्या टोकाला बसतात. मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा. परवा थंडीत बघितलं, तर एकच माणूस बसेल एवढी उरली होती.

काकूंना आता त्यांच्या खोलीत स्वतःचं कपाट मिळालंय. संध्याकाळी तासभर हॉलमध्ये बसतात म्हणे, स्वतःहून. फोन अजून दर रविवारी येतो. मी खरं तेच सांगते.